पिण्याच्या विहिरीजवळ 430 फूट खोल बोअर : ग्रामसभेचा ठराव टिकतो का?

वॉर्ड_तीन
नमस्कार मंडळी. मी जालना जिल्ह्यातल्या एका लहान गावची ग्रामपंचायत सदस्य. येत्या ग्रामसभेत पाण्याचा ठराव मांडायचाय, म्हणून जाणकारांना विचारतेय.

आमची पिण्याची विहीर ओढ्याकाठी, 52 फूट. पाणी किती उरलं ते आम्ही बाया दोरावरून सांगतो. दोराला सारख्या अंतरावर गाठी आहेत. संक्रांतीला चौथ्या गाठीला बादली बुडायची. आता होळी तोंडावर आलीय आणि अकरावी गाठ हातातून सुटली तरी बादली कोरडीच आपटते, मग दोर हलवून हलवून ती खळग्यात न्यावी लागते.

मधे एकच गोष्ट घडली. ओढ्यापलीकडच्या फळबागेत रात्री बोअरची गाडी लागली. पहाटे दूध घालायला निघाले तर बांधावरचा हरभरा करड्या भुकटीनं माखलेला. शाळेतला टेप आणून मी स्वतः अंतर मोजलं, विहिरीपासून 310 मीटर. बोअर माझ्या चुलत दिराचं आहे. दोन्ही घरांचं बोलणं बंद आहे.

ठराव असा : हे बोअर पावसापर्यंत बंद, आणि शिवारात नवीन बोअर नाही. पण जाणती माणसं म्हणतात, कायदा सरकारचा, तुमच्या ठरावाला कोण विचारतं, टँकर येईल की. टँकर माणशी 20 लिटर धरून येतो. आमच्या घरात सहा माणसं, म्हणजे 120 लिटर, आठ हंडे. त्यातच धुणं, भांडी, अंघोळ आणि दारातली म्हैस. जल जीवन मिशनच्या फलकावर माणशी 55 लिटर लिहिलंय, दाराशी नळही आलाय. पण ती योजनाही ह्याच विहिरीवर आहे हो! विहीर आटली तर नळाला काय येणार?

ठरावाला काही जोर आहे का, तेवढं सांगा.

निवृत्त_ग्रामसेवक
ताई, सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर-बोअर घ्यायचं नाही, हा नियम 1993च्या कायद्यापासून आहे. त्यानंतर 2009चा भूजल अधिनियम आला, तो 1 जून 2014पासून लागू झाला. त्यात 60 मीटरच्या, म्हणजे साधारण 200 फुटांच्या खाली गेलेली विहीर ‘खोल विहीर’ धरतात आणि शेती-उद्योगासाठी तिच्यावर बंधन घालता येतं. पण कारवाईचा हात महसूलचा. ग्रामपंचायत बोअरला सील ठोकू शकत नाही, तसं ठरावात लिहू नका, तिथंच तो अडकेल.

‘आमच्या स्रोतावर परिणाम होतोय, भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून तपासणी व्हावी, त्यानुसार कारवाई व्हावी’ असं लिहा. गट नंबर, अंतर, तारीखवार पाणीपातळी जोडा. गाठींचं सांगितलंत ते वहीत उतरवा, फुटांत. गणपूर्ती सांभाळा : 15 टक्के किंवा 100 मतदार, यातला कमी आकडा. सह्या त्याच दिवशी.

आणि केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवतात तो पाइप, किती टाकलंय ते विचारा. वरच्या मुरमापुरतंही टाकलं नसेल तर विहिरीच्या झऱ्याचं पाणी बोअरमधून खाली उतरतं. मग मोटार बंद ठेवूनही विहीर भरत नाही.

मोसंबीवाला
ताई, राग मानू नका, दुसरी बाजू मांडतो. 2012-13च्या दुष्काळात माझी बाग वाळली. बारा वर्षांची झाडं कुऱ्हाडीनं तोडली आणि सरपण म्हणून विकली. पीक बुडालं तर पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येतं, बाग पुन्हा उभी करायला पाच-सहा वर्षं जातात. दिरानं रात्री गाडी आणली ते चुकलंच. पण ‘बंद’ एवढा एकच शब्द ठरावात असेल तर तो रात्रीच मोटार चालवणार. झाडं जगतील एवढं पाणी त्याला कुठून मिळेल, हेही गावानं ठरवावं.

नगरकर
हिवरे बाजारनं हेच केलं. सिंचनासाठी बोअर घ्यायचं नाही, ऊस-केळी लावायची नाही, आणि दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून मग पिकं ठरवायची. आधी पिण्याचं, मग जनावरांचं, उरलं ते शेतीला. हे 2009च्या कायद्याच्या आधीपासून चाललंय. पण तिथं हिशेब सगळ्यांसमोर होतो, नियमही सगळ्यांना सारखा. तुमच्या गावात एकट्या दिराच्या बोअरवर ठराव झाला तर लोक त्याला भाऊबंदकीच म्हणतील.

वॉर्ड_तीन
सगळ्यांचे आभार. नगरकर भाऊ, तुमचं वाचून रात्रभर झोप लागली नाही, कारण गावात तेच बोललं जातंय. शिवारात खोल गेलेली आणखी सात बोअर आहेत, त्यातलं एक आमच्या सासऱ्यांनी घेतलेलं. ठरावात आता आठही गट नंबर येतील, आमचा पहिला.

मोसंबीवाले भाऊ, दिराच्या बागेत 140 झाडं आहेत. ती लावली तेव्हा खड्ड्यांत शेणखत टाकायला मीही होते. ती वाळावीत असं मला कसं वाटेल? काल जावेला ओढ्यावर गाठून केसिंगचं विचारलं. ती म्हणाली, दोन पाइप टाकले. चाळीस फूट. विहीर तर 52 फूट आहे.

काका, भूजलच्या माणसांनी तपासणी करून सांगितलं तर केसिंग आता खाली वाढवता येतं का, का बोअर बुजवावंच लागतं? आणि आठ दिवसांनी पाण्याची एक पाळी, तीही झाडांपुरती, असं ठरावात कसं लिहायचं? नमुना असेल तर टाका. सभा शनिवारी आहे.