स्क्रूबॉल विनोदपटांचा ताजेपणा: संवादांमुळे की नायिकेमुळे?

मूळ मत
हॉलिवूडमधील १९३०-४० च्या काळातले स्क्रूबॉल विनोदपट, म्हणजे नायक-नायिकेच्या वेगवान शाब्दिक चकमकींवर उभे असलेले प्रेमविनोद, आजही ताजे वाटतात, याचे श्रेय बहुतेक जण चटपटीत संवादांना देतात. माझ्या मते ते नायिकेचे आहे. हॉवर्ड हॉक्स यांचा ‘हिज गर्ल फ्रायडे’ (१९४०) पाहा. मूळ नाटकात बातमीदार हिल्डी जॉन्सन हा पुरुष होता. हॉक्स यांनी त्याची स्त्री केली, तीही संपादकाची घटस्फोटित पत्नी, आणि त्यामुळे वृत्तपत्राच्या कचेरीतील वादात मोडलेल्या संसाराचा वाद मिसळला. बातमी हातची जाऊ नये म्हणून ती भर रस्त्यात तुरुंगाच्या अधिकाऱ्याचा पाठलाग करते आणि झडप घालून त्याला खाली पाडते, तेव्हा तिची कामावरील निष्ठा वेगळी सांगावी लागत नाही.

प्रतिसाद : असहमत
आपण शेवटाकडे डोळेझाक करत आहात. संपादक वॉल्टर हिल्डीच्या वाग्दत्त वराला, ब्रूसला, खोट्या आरोपांत पुन्हा पुन्हा अटक करवतो आणि तिला परत मिळवतो. अखेरीस तो पुढे चालतो आणि बॅग उचलून ती मागून जाते. याला बरोबरी कसे म्हणावे? त्याहून गंभीर बाब अशी, की फाशीची शिक्षा झालेला अर्ल विल्यम्स कुठे लपला आहे, हे सांगावे लागू नये म्हणून त्याच्याविषयी सहानुभूती असलेली मॉली खिडकीतून उडी टाकते, आणि थोड्याच वेळात विनोद पूर्ववत सुरू होतो. वेगामुळे विचाराला सवड मिळत नाही, त्यालाच आपण ताजेपणा म्हणतो.

आणखी एक प्रतिसाद
१९३४ च्या मध्यापासून पडद्यावर काय दाखवता येईल हे ठरवणारी हॉलिवूडची आचारसंहिता काटेकोरपणे लागू झाली, त्यामुळे प्रणय भांडणातून दाखवणे भाग पडले, हेही ध्यानात घ्यावे. त्याच वर्षीच्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ या स्क्रूबॉल विनोदपटाची कथा आपल्याकडे ‘चोरी चोरी’त (१९५६) सहज रुजली.

मूळ लेखकाचे उत्तर
वेग विचार करू देत नाही, हे मला पटत नाही. बातमीदार मॉलीची टिंगल करतात, तेव्हा हिल्डी तिला बाहेर नेते, परत येऊन त्यांना मोजक्या शब्दांत खडसावते, आणि एरवी गजबजलेली ती खोली गप्प होते. हा विराम दिग्दर्शकाने जाणीवपूर्वक ठेवला आहे. वॉल्टर सुधारत नाही, हे खरेच. परंतु ब्रूसबरोबर ऑल्बनीला जाऊन सासूच्या घरी संसार करायचा की बातमीदारी, या दोनच पर्यायांतून ती आपले काम निवडते, हे मला बॅगेपेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते.