मदत हवी आहे: साताऱ्याच्या डोंगरात गाड्या नसलेले मुरमाचे रस्ते, मुलीबरोबर दोन दिवस सायकल

मंडळी, साताऱ्यातच राहतो. सायकल पंधरा वर्षं चालवतोय, पण सगळी डांबरावर. आता कच्च्या रस्त्यांची माहिती हवी आहे आणि त्यामागचं कारण जरा सविस्तर सांगतो, म्हणजे सल्ला देणाऱ्याला सोपं जाईल.

मुलगी चौदा वर्षांची आहे. गेल्या दोन वर्षांत ती माझ्याबरोबर चाळीस-पन्नास किलोमीटर सहज यायला लागली. मे महिन्यात महामार्गाच्या सेवा रस्त्यावर एका टेम्पोचा आरसा तिच्या हँडलला घासून गेला. ती पडली नाही, खरचटलंही नाही. पण त्या दिवसापासून मागून इंजिनाचा आवाज आला की ती मान वळवते आणि मान वळली की सायकल रस्त्याच्या मध्ये जाते. मला म्हणाली, "बाबा, ट्रक आला की मी हँडल घट्ट धरते, आणि घट्ट धरलं की सायकल जास्तच हलते." तिला सायकल सोडायची नाही. मलाही तिनं सोडावी असं वाटत नाही. तिची आई म्हणते, गाड्या नसतील तिथं खुशाल जा. मला ते पूर्ण पटतं. तर मागे वळून बघावं लागणार नाही असा रस्ता मी शोधतोय.

आतापर्यंत काय बघितलं ते लिहितो.

यवतेश्वरचा घाट चढून कासला आम्ही दोनदा गेलो. सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलांसाठी गाड्यांची रांग लागते आणि इतर वेळी शनिवार-रविवार तेच. रस्ता सुंदर आहे, पण आमच्या कामाचा नाही.

धोमच्या कालव्याच्या भरावावरून जाणारी वाट एकदा करून बघितली. गाडी जवळजवळ नाही, सावली आहे, चढ नाही. पण आवर्तन सुटलेलं, म्हणजे शेतीसाठी कालव्यात पाणी सोडलेलं असताना एका बाजूला काठोकाठ पाणी वाहत असतं, आतले उतार निसरडे, आणि समोरून बैलगाडी किंवा ट्रॅक्टर आला तर बाजूला व्हायला जागा पाण्याच्याच अंगाला. मुलगी सोबत असताना माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. शिवाय तिला डोंगर हवेत.

आता मनात आहे ते चाळकेवाडीचं पठार. बोगद्यातून बाहेर पडून परळी, सज्जनगडाचा पायथा, ठोसेघर आणि वर पवनचक्क्या. साताऱ्याहून ठोसेघर वीस-पंचवीस किलोमीटर, आणि पठार अकराशे मीटरच्या वर, म्हणजे शहरापासून चारशे मीटरहून जास्त चढ. उपग्रहाच्या नकाशात एका पवनचक्कीपासून दुसरीपर्यंत फिकट रेघांचं जाळं दिसतं. हेच ते मुरमाचे रस्ते ना? दोन दिवस, रोज तीस-पस्तीस किलोमीटर, मुक्काम ठोसेघरला, असा विचार आहे.

मला विचारायचंय ते असं. या रेघा एकमेकींना जोडलेल्या आहेत, की प्रत्येक ठिकाणी जाऊन परत यावं लागतं? तिथं सायकल नेलेली चालते का? माझ्याकडे 32 मिलिमीटर टायरची हायब्रिड आहे, तिची 26 इंची एमटीबी (डोंगरी सायकल), 2.1 इंची टायरची. माझे टायर पुरतील का? आणि महिना कोणता धरू? सहामाहीनंतर दिवाळीची सुट्टी आहे, नाहीतर थेट उन्हाळ्यात.

आगाऊ धन्यवाद. दुरून अंदाजानं सांगण्यापेक्षा तिथं चाक फिरवलेल्यांनी सांगितलं तर फार बरं होईल.

प्रतिसाद १

दादा, त्या पठारावर मी बरेचदा गेलोय, म्हणून लिहितो. रेघा बरोबर ओळखल्यात. पवनचक्कीचं पातं आणि क्रेन वर न्यायला जे रस्ते केले तेच हे. त्यामुळे रुंद आहेत, वळणं मोठी आहेत, चढ बेताचा. देखभालीची एखादी जीप सोडली तर दिवसभर कोणी भेटत नाही. पण बहुतेक फाटे खांबाच्या पायथ्याशी संपतात. नकाशात दोन फाट्यांची टोकं जवळ दिसली तरी मध्ये घळ किंवा कडा असू शकतो. म्हणून गोल फेरी आखू नका. मधला मुख्य रस्ता कणा धरा आणि फाटे करत करत पुढं जा. मुलीला ते आवडेलही, कारण प्रत्येक फाट्याच्या टोकाला वेगळी दरी दिसते. कुठं फाटक लावलेलं असेल तर राखणदाराला विचारूनच आत जा. पठाराच्या पश्चिमेला कोयना अभयारण्य आहे, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाची हद्द. त्या अंगाला वनखात्याची पाटी दिसली की मागं फिरायचं.

तुमची खरी अडचण वर नाही, खाली आहे. बोगदा ते ठोसेघर हा डांबरी रस्ता अरुंद आहे आणि सज्जनगडाच्या गाड्या त्यावरूनच जातात. दासनवमीच्या आसपास तर विचारूच नका. मी तुमच्या जागी असतो तर सायकली छोट्या टेम्पोत घालून सकाळी ठोसेघरला उतरवल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच परत चढवल्या असत्या. चढ चुकला याची रुखरुख लागेल. पण तुम्ही मागितलंय काय, ते आठवा.

प्रतिसाद २

टायरबद्दल. 32 नको. मुरूम दाबून बसलेला असेल तिथं चालेल, पण सड्यावर, म्हणजे पठाराच्या उघड्या कातळावर, जांभा उघडा पडलाय तिथं धारदार खड्डे असतात. तुमच्या सायकलच्या फ्रेममध्ये 40 बसतात का ते मोजून घ्या, दोन्ही बाजूंना बोटभर फट उरली पाहिजे. हवा डांबरावरच्यासारखी टणक भरू नका. 40 च्या टायरला 35-40 पीएसआय, तिच्या 2.1 ला तिचं वजन धरून 25-30 पुरे. पंप न्या, खाली उतरल्यावर परत भरा.

मुलीसाठी एक करा. ब्रेकच्या लिव्हरला आतून छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येते. लहान हाताला मोठ्यांच्या अंतरावरचा ब्रेक धरता येत नाही, म्हणून मुलं हँडल आवळून धरतात. ती सांगते त्यातला थोडा भाग कदाचित हाच असेल. दोन बोटं सहज पोचली की हात सैल राहतो.

सुट्या मुरमावर वळणात पुढचा ब्रेक दाबायचा नाही, वेग वळणाआधी कमी करायचा. ट्रॅक्टरच्या चाकोरीतून सायकल चालवायची, मधल्या उंचवट्यावर खडी साठते. आणि डांबरीकरणाआधी अंथरलेली फोडलेली खडी लागली तर खाली उतरून चालायचं. त्यात कमीपणा नाही.

प्रतिसाद ३

मी सायकल चालवत नाही, सरड्यांसाठी तिथं जाते. महिन्याचा प्रश्न आहे म्हणून लिहितेय.

चाळकेवाडीवर एक सरडा आहे, सारडा सुपर्बा. 2016 साली त्याची नवी जात म्हणून नोंद झाली, ती याच पठारावरून. नराच्या गळ्याला निळी, काळी, केशरी झालर असते. मार्च ते मे विणीचा काळ. तेव्हा नर दगडावर चढून ती पंख्यासारखी उघडतात. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी कमी झालेत आणि त्यामुळे हे सरडे वाढलेत. म्हणजे तुमच्या वाटेवर ते भरपूर भेटतील. मातीचा थर तिथं बोटभर असतो, एकदा चाकाखाली उखडला की पावसात वाहून जातो. म्हणून उन्हाळ्यात गेलात तरी रस्ता सोडून सड्यावर सायकल घालू नका. शॉर्टकट म्हणून तर अजिबात नको.

पण तुम्ही दिवाळीतच जा. उन्हाळ्यात सड्यावर सावली नाही आणि पाणीही नाही. जून ते सप्टेंबर ठोसेघरला पाऊस, धुकं, आणि वारा असा की उभं राहवत नाही. पवनचक्क्या तिथं उगाच नाहीत. मुलीला ते झालरवाले सरडे बघायचे असतील तर एप्रिलमध्ये पहाटे वेगळी चक्कर मारा, पायी.

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. ब्रेकच्या स्क्रूबद्दल मला खरंच ठाऊक नव्हतं. काल रात्री तिची सायकल आडवी करून बघितली, तिची बोटं लिव्हरपर्यंत जेमतेम टोकानं पोचत होती. दोन वर्षं ती तशीच चालवत होती आणि मला दिसलं नाही, याचं फार वाईट वाटलं. आता दोन बोटं नीट बसतात. सकाळी गल्लीत फेरी मारून आली आणि म्हणाली, हात दुखत नाहीये.

ठरलं ते असं: दिवाळीची सुट्टी, भाऊबीज झाल्यावर, रविवार टाळून. सायकली टेम्पोतून ठोसेघर. माझ्या फ्रेममध्ये 38 बसतायत, 40 नाही, तेच घेतोय. प्रत्येकी तीन लिटर पाणी.

एकच राहिलं. पठारावर धनगरवाड्यांची कुत्री असतील. ती राखणीची, त्यांचा दोष नाही. एकट्यानं जाताना मी उतरून सायकल मध्ये धरून चालतो, तेवढ्यात मालक हाक मारतो आणि कुत्री थांबतात. पण दोघं असताना, त्यातली एक घाबरणारी, तिनं पुढं राहावं की मागं? अनुभव असेल त्यांनी लिहा.