पहिलं क्रेडिट कार्ड आणि आपले पराक्रम (अनुभव धागा)

रिकामटेकडी: काल धाकट्या भावाचं पहिलं क्रेडिट कार्ड आलं. पाकीट फोडून तो ते उजेडात फिरवून बघत होता आणि मला माझं पहिलं बिल आठवलं. त्यावर दोन आकडे, एक मोठा एक छोटा, छोट्यापुढे 'मिनिमम ड्यू', म्हणजे कमीत कमी एवढे तरी भरा. मला वाटलं काय समजूतदार बँक आहे, झेपेल असा हप्ता बांधून दिलाय! ११ महिने तेवढाच भरला, तोही तारखेच्या आत, वर ऑफिसात मिरवलं की आपला एकही हप्ता चुकलेला नाही. बाराव्या महिन्यात सहज मोठ्या आकड्याकडे लक्ष गेलं तर घेतलेल्या फोनचा जेमतेम पाचवा हिस्सा फिटलेला. भाऊ ऐकून नुसता हसला. तुमचेही लिहा, त्याला वाचायला लावते.

गणितात_ढ: ११ महिन्यांत पाचवा हिस्सा, बरोबरच आहे की. महिना ३ टक्के व्याज आणि ५ टक्के मिनिमम धरून कॅल्क्युलेटरवर केलं, ७९ टक्के बाकी उरते. आणि ३ टक्के म्हणजे वर्षाला ३६ नाही हां, चक्रवाढीने ४२ च्या वर जातं.

उंबरठा: बापरे

सोनटक्का: माझं उलटं. बाबांची शिकवण, कुणाची दमडी उधार घ्यायची नाही. नाहीच घेतली कधी. घराच्या कर्जाला गेले तर साहेब म्हणतात मॅडम तुमचा उधारी फेडल्याचा इतिहासच नाही, क्रेडिट स्कोर (फेड किती चोख त्याचे गुण) कुठून येणार. म्हणजे आयुष्यभर उधारी केली नाही म्हणून आता उधार मिळत नाही! शेवटी फिक्स डिपॉझिट ठेवून त्यावर कार्ड घेतलं, त्यावर फक्त मोबाइलचं बिल लावलं आणि पूर्ण रक्कम ऑटो पेला. कर्जाचं पुढे काय झालं ते नंतर लिहिते, पाणी आलंय

रात्रपाळी: मी एका आठवड्यात पाच ठिकाणी अर्ज टाकले, एक तरी मिळेल म्हणून. प्रत्येकाने माझा क्रेडिट रिपोर्ट (उधारीचा सगळा इतिहास) मागवला, प्रत्येकाची नोंद पडली, आणि पाचव्याने त्या चार नोंदी बघूनच नाही म्हटलं 😭 स्वतःचा स्कोर स्वतः बघितला तर काही होत नाही, तो बघा खुशाल.

कासवगती: हे कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. मी दर महिन्याला पूर्ण बिल भरायचो, एक दिवस उशीर नाही, तरी रिपोर्टमध्ये लिमिटच्या ८०-८५ टक्के वापर दिसायचा आणि स्कोर अडलेला. डोकं फिरलं. मग एका मित्राने समजावलं की तेव्हा बहुतेक वेळा बिल बनायचं त्या दिवशी जी बाकी असायची तीच रिपोर्ट बनवणाऱ्यांना कळवली जायची, नंतर भरलेलं त्यात दिसायचंच नाही. तेव्हापासून बिल बनायच्या दोन दिवस आधीच बरीचशी रक्कम भरून टाकतो. वापर ३० टक्क्यांच्या आत आला, दोन-तीन महिन्यांत स्कोर वर सरकला, खर्च मात्र तेवढाच आहे.

उंबरठा: @कासवगती म्हणजे बिलाची तारीख आणि भरायची तारीख वेगळी?? मी आजवर एकच समजत होते

कासवगती: वेगळी हो ताई. मध्ये साधारण दोन-तीन आठवडे असतात.

चष्मेबद्दूर: कार्ड उजेडात धरण्यावरून आठवलं, आमचे चिरंजीव कार्डाचा फोटो स्टेटसला टाकायला निघालेले, नंबरासकट! मी ओरडले तर म्हणे आई मागची बाजू नाही टाकत ना.

रात्रपाळी: 😂😂 जबाबदार मुलगा

जुनाखोड: तरुण मंडळी, जुनं कार्ड नको म्हणून पटकन बंद करू नका. मी केलं. त्याची लिमिट गेली, त्यामुळे उरलेल्या कार्डावरचा वापर एकदम दुप्पट दिसायला लागला. त्यात बंद करताना वार्षिक फीची किरकोळ रक्कम राहून गेलेली, ती थकीत म्हणून रिपोर्टात जाऊन बसली आणि मला कळलं तीन वर्षांनी. भरली, पत्र घेतलं, तरी नोंद दुरुस्त व्हायला मागे लागावं लागलं. बंद करायचंच असेल तर बाकी शून्य असल्याचं लेखी घ्या. आणि कुणी 'सेटलमेंट' (थोडी रक्कम घेऊन हिशोब मिटवणं) देऊ केली तर हुरळू नका, रिपोर्टात 'सेटल्ड' असाच शेरा पडतो, पूर्ण फेडल्याचा नाही.

परदेशी_पाहुणा: इकडे अमेरिकेत फायको स्कोर, १९८९ पासूनचा. ३५ टक्के वजन वेळेवर भरण्याला, ३० टक्के किती उधारी अंगावर आहे त्याला, १५ टक्के खातं किती जुनं त्याला. म्हणजे जुनाखोड काका म्हणतात तेच.

जुनाखोड: काका नाही हो, ३८ चा आहे. नाव चुकलंच माझं.

गणितात_ढ: @रिकामटेकडी एक राहिलं. मिनिमम भरलंत म्हणजे उशिराचा ठपका नसेल लागला, पण बाकी अंगावर असली की नव्या खरेदीलाही व्याजमाफीचे दिवस मिळत नाहीत. तेव्हा वर काही घेतलंत का?

रिकामटेकडी: घेतलं ना. फोनचं कव्हर, मग चार्जर, मग हेडफोन 🙈 एकदा तर एटीएममधून कॅशही काढली, त्याला त्याच दिवसापासून व्याज असतं हे नंतर कळलं.

उंबरठा: तो फोन आहे का अजून?

रिकामटेकडी: फेडून व्हायच्या आधीच स्क्रीन गेली. कव्हर ठणठणीत आहे.

सोनटक्का: आले. पाणी अर्धा तासच होतं. हां तर कर्ज, दीड वर्षाने परत गेले, तेच साहेब बसलेले. ओळखलं नाही त्यांनी, पण रिपोर्ट बघून बसा म्हणाले.