मदत हवी आहे: वळताना पुढच्या चाकातून कट-कट आवाज

नमस्कार मंडळी. गाडी २०१४ची, पेट्रोल. सरळ जाताना गप्प असते, पण सोलापुरात सात रस्ता चौकात उजवीकडे पूर्ण स्टिअरिंग मारलं की डाव्या पुढच्या चाकातून कट-कट-कट. खड्ड्यात काही वाजत नाही (आणि खड्डे काय कमी आहेत का!), म्हणजे सस्पेन्शन नसावं. काल वाकून पाहिलं तर ॲक्सलचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) रबरी बूट, म्हणजे ग्रीस आत धरून ठेवणारं आवरण, फाटलाय, रिमच्या आतून काळं ग्रीस उडालंय. बाहेरचा सीव्ही जॉइंट (ॲक्सलचा चाकाकडचा सांधा, जो वळतानाही चाक फिरवत ठेवतो) गेला असावा.

एक मेकॅनिक म्हणतो बूट बदलून ग्रीस भरू, दुसरा म्हणतो अख्खा ॲक्सल टाका. आवाज सुरू झाल्यावर नुसत्या बुटाने भागतं का? की फक्त जॉइंट बदलून मिळतो? जुळे सोलापूरकडे कोणी खात्रीचा माणूस? रविवारी आईला घेऊन तुळजापूरला जायचंय, तोवर चालवू की उभी करू?