मदत हवी आहे: एनएफएलच्या बाद फेरीची टक्केवारी जुळत नाही (शनिवारपर्यंत)

मृण्मयी_मि (७ जानेवारी २०२५, रात्री ९:१०)

नमस्कार. एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगवरील आमच्या मिनिआपोलिसमधल्या कार्यालयातल्या स्पर्धेचा तक्ता शनिवारी, ११ तारखेला दुपारी तीनच्या आत भरून द्यायचा आहे आणि गेले दोन दिवस मी एकाच जागी अडकून पडले आहे. चौदाही संघांच्या साखळीतल्या गुणफरकावरून मी एक्सेलमध्ये प्रत्येक सामन्याची शक्यता काढली आणि ती पुढच्या फेऱ्यांत गुणत नेली, पण विजेतेपदाच्या शेवटच्या रकान्याची बेरीज १०० ऐवजी ९१ येते. शिवाय कॅन्सस सिटीला अवघे सात टक्के मिळतात. सतरापैकी पंधरा सामने जिंकलेल्या संघाला सात टक्के देणारा तक्ता बरोबर कसा असेल? कुठे चुकते आहे ते कृपया लवकर सांगावे.

सह्यकडा (७ जानेवारी, रात्री ९:३२)

फुटबॉलच्या बाद फेरीत दोन्ही संघ एकमेकांच्या मैदानावर एकेक सामना खेळतात आणि दोन्हींतल्या गोलांची बेरीज धरली जाते, हे आपण लक्षात घेतले आहे का? बहुधा तेच सुटले असावे.

अवधूत_प (७ जानेवारी, रात्री ९:४०)

सह्यकडा, हा अमेरिकन फुटबॉल आहे. येथे प्रत्येक फेरीत एकच सामना असतो आणि हरलेला संघ घरी जातो. आयपीएलमध्ये पहिल्या दोन संघांना एक पराभव पचवण्याची मुभा असते, तशी येथे कोणालाच नसते.

मृण्मयीताई, उत्तर देण्यापूर्वी थोडी माहिती हवी. तक्त्यात विजेता लिहायचा आहे की टक्केवारी? गुण कसे देणार आहेत? गुणफरकाची शक्यता कोणत्या सूत्राने केली? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दुसऱ्या फेरीत कोण कोणाशी खेळेल हे आपण कसे ठरवले?

जुना_प्रेक्षक (७ जानेवारी, रात्री १०:०५)

मी १९९८ पासून हा खेळ न चुकता पाहतो आहे आणि माझा अनुभव असा आहे की जानेवारीत बचाव जिंकतो. २०१३ च्या मोसमात डेन्व्हरने साखळीत ६०६ गुण केले होते, तो आजही विक्रम आहे, आणि अंतिम सामन्यात सिॲटलच्या बचावापुढे त्यांना फक्त आठ गुण करता आले. ४३-८. त्यामुळे गुणफरकाचा रकाना सोडून द्यावा, प्रतिस्पर्ध्याला कमीत कमी गुण करू दिलेले चार संघ निवडावेत आणि निश्चिंत व्हावे.

मृण्मयी_मि (७ जानेवारी, रात्री १०:२१)

क्षमस्व, मला वाटले होते की हे सांगायची गरज नाही. विजेता लिहायचा नाही. चौदा संघांपैकी प्रत्येकाची चार फेऱ्यांची टक्केवारी भरायची आहे, म्हणजे दुसऱ्या फेरीत पोहोचण्याची, कॉन्फरन्सच्या (लीगच्या दोन विभागांपैकी आपापल्या विभागाच्या) अंतिम सामन्यात पोहोचण्याची, सुपर बोलमध्ये, म्हणजे दोन्ही विभागांच्या विजेत्यांच्या महाअंतिम सामन्यात, पोहोचण्याची आणि विजेतेपदाची. जितकी चूक, तिचा वर्ग, तेवढा दंड. सत्तर टक्के लिहिले आणि संघ हरला तर ०.४९, जिंकला तर ०.०९. ज्याचा एकूण दंड सर्वांत कमी, तो विजेता.

दुसऱ्या फेरीसाठी मी वरचे मानांकन असलेला संघ पुढे जाईल असे धरून जोड्या लावल्या. एक विरुद्ध चार, दोन विरुद्ध तीन. त्याशिवाय दुसरे काय धरणार?

सांख्यिक (७ जानेवारी, रात्री १०:५८)

चूक तिथेच आहे. एनएफएलमध्ये जोड्या आधी ठरलेल्या नसतात, प्रत्येक फेरीनंतर नव्याने लागतात आणि पहिल्या मानांकनाला उरलेल्यांपैकी सर्वांत खालचा संघ मिळतो. आपण लायन्सना (पहिले मानांकन) रॅम्सच (चौथे) मिळणार असे गृहीत धरले, आणि त्याच वेळी पॅकर्सच्या ओळीत पॅकर्स ईगल्सना हरवू शकतात हेही धरले. एकाच तक्त्यात दोन वेगळी जगे नांदत असतील तर बेरीज १०० येणार नाही.

यासाठी संगणकाकडून दहा हजार वेळा फासे टाकून घेण्याची गरज नाही. २०२० पासून प्रत्येक कॉन्फरन्समधून सात संघ येतात आणि एकट्या पहिल्या मानांकनाला विश्रांती मिळते, म्हणजे पहिल्या फेरीत तीनच सामने आणि आठच शक्यता उरतात. लायन्सचा प्रतिस्पर्धी असा काढावा. पॅकर्सनी (सातवे मानांकन) ईगल्सना हरवले तर पॅकर्स. ते हरले आणि कमांडर्सनी (सहावे) बकनीअर्सना हरवले तर कमांडर्स. दोन्ही झाले नाही तर व्हायकिंग्ज-रॅम्स सामन्याचा विजेता. तिन्हींची शक्यता काढून लायन्सची प्रत्येकाविरुद्धची शक्यता त्या वजनाने मिसळावी. दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये, एएफसीतही हेच करावे. बेरीज चोख १०० येईल.

पहाटपाहुणा (८ जानेवारी, सकाळी ७:१५)

नाशिकहून लिहीत आहे. पहिला सामना ह्यूस्टनला असून तो आपल्याकडे शनिवार संपून रविवार उजाडताना, पहाटे तीन वाजता सुरू होईल. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी गजर लावून ठेवावा.

अवधूत_प (८ जानेवारी, सकाळी ८:०२)

सांख्यिक यांनी बेरजेचे कोडे सोडवले, पण कॅन्सस सिटीचे सात टक्के अजून तसेच आहेत. माझ्या मते त्यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत.

पहिली गोष्ट गुणफरकाची. चीफ्सनी, म्हणजे कॅन्सस सिटीने, ३८५ गुण केले आणि ३२६ दिले, म्हणजे फरक फक्त ५९. लायन्सचा फरक २२२ आहे. दोघांच्याही नावावर १५ विजय आहेत, पण केलेल्या आणि दिलेल्या गुणांचा २.३७ वा घात घेऊन अपेक्षित विजय काढले तर लायन्सचे १३ येतात आणि चीफ्सचे जेमतेम १०. चीफ्सनी निसटते सामने एकामागून एक जिंकले आहेत. मिनिआपोलिसकरांना हे सांगायला नको. २०२२ मध्ये तुमच्या व्हायकिंग्जनी १३ सामने जिंकले, आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाचे अकराच्या अकरा सामने त्यांच्या पदरात पडले, गुणफरक मात्र उणे तीन होता. पहिल्याच फेरीत, घरच्या मैदानावर, ते जायंट्सकडून ३१-२४ असे हरले.

दुसरी गोष्ट उलट्या बाजूची आहे. परवाच्या रविवारी चीफ्स डेन्व्हरकडून ३८-० हरले, कारण पहिले मानांकन आधीच हाती आलेले असल्यामुळे त्यांनी मुख्य खेळाडू बसवले होते. तो सामना त्यांच्या ताकदीबद्दल काहीच सांगत नाही. तो वगळला तर १६ सामन्यांत फरक ९७ होतो, सामन्याला साडेतीनऐवजी सहा. ओळ बरीच बदलेल.

जुना_प्रेक्षक (८ जानेवारी, सकाळी ९:३०)

चीफ्सचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू) माहोम्स ज्या संघात आहे त्याची शक्यता गुणफरकाने मोजता येते, हे मला मान्य नाही. बाद फेरीत तो आजवर १५ सामने जिंकला आणि तीन हरला आहे. गेल्या वर्षी चीफ्सना तिसरे मानांकन होते, तरी त्यांनी आधी बफलोत आणि मग बाल्टिमोरमध्ये जाऊन विजय मिळवला आणि पुढे विजेतेपदही घेतले. हा माणूस जानेवारीत वेगळा खेळतो, आणि ते पाहिलेल्याला तक्त्याची गरज पडत नाही.

सांख्यिक (८ जानेवारी, सकाळी १०:१२)

माहोम्सबद्दल माझ्याही मनात आदर आहे, पण पहिल्या उत्तरात आपण बचाव जिंकतो म्हणालात आणि आता क्वार्टरबॅक जिंकतो म्हणता. दोन्हींच्या बाजूने उदाहरणे मिळतात, कारण सामने थोडे आहेत. २००२ पासून २०१९ पर्यंत दर वर्षी ११ आणि पुढच्या चार वर्षांत १३, म्हणजे बाद फेरीचे एकूण २५० सामने. एवढ्या साठ्यातून हवा तो सिद्धान्त काढता येतो. २०११ च्या जायंट्सनी साखळीत ३९४ गुण केले आणि ४०० दिले, तरी विजेतेपद त्यांनीच घेतले. २०१९ च्या रेव्हन्सचा गुणफरक २४९ होता आणि ते पहिल्याच सामन्यात बाद झाले.

मृण्मयीताई, म्हणूनच माझा आग्रह आहे की गुणफरक जसाच्या तसा घेऊ नये. सामन्यामागे जो फरक येईल तो ०.७ ने गुणून आखडावा. हा आकडा मी स्वतःच्या सवयीने वापरतो, तो वेदवाक्य नव्हे. त्यात यजमानांचे दोन गुण मिळवावेत, येणाऱ्या संख्येला १३ ने भागावे आणि एक्सेलच्या प्रसामान्य वितरणाच्या सूत्रात घालावे. निकालातले गुणांतर अपेक्षेभोवती साधारण तेवढेच पसरते. वर्गाचा दंड असलेल्या स्पर्धेत ९५ टक्के लिहिणाऱ्यांना एकच पराभव फार महाग पडतो.

रेवती_ल (८ जानेवारी, दुपारी १२:४४)

मी लॉस एंजलिसमध्ये राहते, त्यामुळे रॅम्सची बाजू मांडते. त्यांचा गुणफरक उणे १९ दिसतो, पण पहिल्या पाच सामन्यांत त्यांचे दोन्ही मुख्य झेलणारे, नाकुआ आणि कप, जायबंदी होऊन बराच काळ बाहेर होते आणि संघ चार सामने हरला होता. नंतरच्या बारापैकी नऊ त्यांनी जिंकले. ऑक्टोबरमध्ये याच व्हायकिंग्जना ३०-२० असे हरवले. शेवटच्या सामन्यात त्यांनीही मुख्य खेळाडू बसवले होते. सबंध मोसमाची सरासरी हा आजचा संघ नाही.

अवधूत_प (८ जानेवारी, दुपारी १:२०)

रेवतीताई, दुखापतींचा मुद्दा मान्य आहे, परंतु अलीकडच्या घोडदौडीला फार वजन देऊ नये. २०१२ चे रेव्हन्स साखळीतल्या शेवटच्या पाचपैकी चार सामने हरून बाद फेरीत आले आणि विजेते झाले. दुखापतीचाच विचार करायचा तर लायन्सचाही करावा लागेल. हचिन्सनचा पाय ऑक्टोबरमध्ये मोडला आणि मॅकनीलचा गुडघा डिसेंबरमध्ये गेला. ते २२२ गुण ज्या बचावाच्या जोरावर जमले, त्यातला मोठा भाग आता मैदानात नाही.

मृण्मयी_मि (८ जानेवारी, रात्री ११:३५)

बेरीज बरोबर १०० आली! सांख्यिक, मनापासून आभार. लायन्सची ओळ आता अशी आहे: पॅकर्स मिळण्याची शक्यता ३९ टक्के, कमांडर्स २५, व्हायकिंग्ज किंवा रॅम्स ३६, आणि सर्व मिसळून कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात पोहोचण्याची शक्यता ७१. डेन्व्हरचा सामना वगळल्यावर कॅन्सस सिटीही वर सरकली. व्हायकिंग्ज ५९ टक्के. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याने त्यांना शंभर दिले आहेत. चौदा विजय मिळवलेल्या संघाने दहा विजयवाल्यांच्या मैदानावर जाऊन खेळावे हे त्याला पटतच नाही. डिव्हिजन (कॉन्फरन्समधला चार संघांचा गट) जिंकणाऱ्याला पहिल्या चारांत जागा मिळते, हा नियम मी त्याला दोनदा समजावून सांगितला.

मृण्मयी_मि (९ जानेवारी, रात्री ११:५०)

पुन्हा अडले आहे. लॉस एंजलिसमधल्या वणव्यांमुळे सोमवारचा व्हायकिंग्ज-रॅम्स सामना ॲरिझोनातल्या ग्लेनडेलला हलवल्याचे आज जाहीर झाले. रॅम्सना यजमानपदाचे दोन गुण द्यायचे की नाही? ते काढले तर व्हायकिंग्ज ५९ वरून ६५ वर जातात. रेवती, आपण आणि आपल्या घरचे सुखरूप आहात ना?

रेवती_ल (१० जानेवारी, सकाळी ६:२५)

आम्ही सुखरूप आहोत, विचारल्याबद्दल आभार. आमच्या भागात आग नाही, पण हवेत धूर आहे आणि खिडकीच्या चौकटीवर राखेचा थर बसतो. तो पुसला की दुपारपर्यंत पुन्हा दिसतो. ओळखीच्या दोन कुटुंबांना घर सोडावे लागले आहे. हा संघ सोमवारी या शहरासाठी खेळणार आहे. मी त्यांचे दोन गुण काढणार नाही.

सांख्यिक (१० जानेवारी, सकाळी ८:४०)

रेवतीताई, काळजी घ्यावी.

भावनेचे वजन मला मोजता येत नाही, म्हणून मी ते तक्त्यात धरत नाही. यजमानांचा फायदा बराचसा प्रेक्षकांमुळे असतो असे मानायला आधार आहे. २०२० मध्ये मैदाने जवळजवळ रिकामी असताना यजमान संघांनी १२७ सामने जिंकले आणि १२८ गमावले. ग्लेनडेल त्रयस्थ मैदान धरावे आणि दोन्ही गुण काढावेत.

अवधूत_प (१० जानेवारी, सकाळी ९:०५)

मी एक गुण ठेवला असता. चाहते तिथेही जातील.

मृण्मयी_मि (११ जानेवारी, दुपारी २:३८)

दोन्ही गुण काढून ६५ लिहिले आणि तक्ता पाठवला.

मृण्मयी_मि (१४ जानेवारी, सकाळी ७:२०)

रॅम्स २७, व्हायकिंग्ज ९. आमच्या क्वार्टरबॅकला, डार्नल्डला, त्यांनी चेंडू फेकण्याआधीच नऊ वेळा पाडले. ६५ लिहिल्याचा दंड ०.४२ झाला. ५९ ठेवले असते तर ०.३५ झाला असता. रेवती, आपले अभिनंदन. काल रात्री हरताना वाईट वाटले, पण तुमच्या शहराला तो विजय मिळाला याचे बरेही वाटले. शेजारच्या टेबलावरचा पूर्ण एक दंड आज सकाळी फलकावर लागला आहे.

जुना_प्रेक्षक (१४ जानेवारी, सकाळी ८:१०)

नऊ वेळा पाडले तो बचावच होता, एवढेच नोंदवतो.

मृण्मयी_मि (२० जानेवारी, रात्री १०:१५)

शनिवारी लायन्स घरच्या मैदानावर कमांडर्सकडून ४५-३१ हरले. पाच वेळा चेंडू गमावल्यावर कोणताही संघ टिकणार नाही, पण माझ्या कोणत्याही रकान्यात ते नव्हते. ७१ टक्क्यांचा दंड ०.५० झाला. कार्यालयातल्या निम्म्याहून अधिक तक्त्यांत तिथे ९० च्या पुढचे आकडे होते, त्यामुळे एवढा दंड भरूनही मी ४१ जणांत एकोणिसाव्यावरून सहावी आले आहे. अवधूत, बचावातल्या दुखापतींचा आपला मुद्दा मी मनावर घेतला नाही. त्यासाठी लायन्सचे दोन-तीन गुण कमी करायला हवे होते.

आता ईगल्स, कमांडर्स, बिल्स आणि चीफ्स उरले आहेत. तक्ता बदलता येत नाही, तरी पुढच्या वर्षासाठी विचारते: दुखापतींसाठी गुण कमी करायचे तर जागेप्रमाणे किती, असा काही हिशेब कोणी ठेवला आहे का?

सांख्यिक (२० जानेवारी, रात्री १०:४९)

क्वार्टरबॅकपुरता ठेवला आहे. बाकी जागांसाठी माझ्याकडे भरवशाचे आकडे नाहीत. वही शोधून रविवारपूर्वी येथेच लिहितो.