परतलेला कोबी: झाकण ठेवायचं की नाही?

खरपूसकडा

परतलेला कोबी हे इतकं साधं तोंडीलावणं आहे की त्यावर कुणी फारसं बोलत नाही. तेल, कोबी, मीठ, हवी तर मिरपूड आणि लसणाच्या दोन-चार पाकळ्या. तरीही बऱ्याचदा ताटात येतो तो मऊ, पाणचट, मळकट रंगाचा ढीग. मुलं तो ताटाच्या कडेला सारतात आणि मोठी माणसं 'आरोग्याला चांगला' म्हणून गिळतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण कोबी चविष्ट भाजी आहे. ती बिघडते झाकणामुळे, असं माझं ठाम मत आहे.

कोबीच्या वजनात सुमारे ९२ टक्के पाणी असतं. अर्धा किलो कोबी कढईत टाकला तर त्यातलं ४६० ग्रॅम नुसतं पाणी. झाकण घातलं की वाफ वर जाते, झाकणाला लागते आणि थेंब होऊन पुन्हा कोबीवर पडते. म्हणजे आपण तेल घातलं तरी कोबी शिजतो तो पाण्यातच. जोवर कढईत पाणी आहे तोवर तिथली उष्णता १०० अंशांच्या आसपास अडकून राहते, आणि खरपूस रंग नि वास यायला साधारण १४० अंश तरी लागतात. आधी पाणी जायला हवं, मगच कडा तांबूस होणार.

माझी पद्धत अशी. गड्डा चिरण्याआधी धुवायचा आणि फडक्यावर कोरडा करायचा. चिरून मग धुतला तर पानापानांत पाणी अडकतं. बोटभर रुंद पट्ट्या चिरायच्या. पसरट कढई किंवा तवा आधी चांगला तापवायचा, अर्ध्या किलोला दोन मोठे चमचे तेल. निम्माच कोबी टाकायचा, पसरायचा आणि दीड-दोन मिनिटं हात लावायचा नाही. हे सगळ्यांत अवघड, कारण हात शिवशिवतो. खालची बाजू तांबूस झाली की उलटायचा. पाच-सहा मिनिटांत घाणा तयार. लसूण शेवटच्या मिनिटाला, नाहीतर तो जळून कडू होतो. मीठ अगदी उतरवताना. झाकण कपाटातच राहू द्या.

कुणाचं वेगळं मत असेल तर ऐकायला आवडेल, पण 'आमच्याकडे असंच करतात' यापेक्षा काहीतरी जास्त सांगा.

मंद आच

माझं मत पूर्ण वेगळं आहे आणि कारणही देते. माझ्या आईचं वय ८१. तुमचा दोन मिनिटांत तांबूस झालेला, आत कचकच करणारा कोबी तिला चावता येत नाही. जेवणाच्या टेबलावर ती एकटी माझ्यासोबत असते, तेव्हा भाजी तिच्यासाठीच व्हायला हवी.

दुसरं म्हणजे चव. कोबीत १०० ग्रॅमला ३ ग्रॅमच्या आसपास साखर असते. मंद आचेवर, झाकणाखाली, कोबी आपल्या अंगच्या पाण्यात दहा मिनिटं मुरला की पानं मऊ पडतात आणि हा गोडवा जिभेवर येतो. नंतर झाकण काढून पाणी आटवायचं. तुम्ही म्हणता तो खरपूसपणा मला कोबीचा वाटतच नाही. कांदा त्याच आचेवर परता, गाजर परता, तसाच वास येतो. कोबीची म्हणून जी चव आहे ती मला झाकणाखालीच मिळते.

आणि पाणचट होतो तो झाकणामुळे नव्हे, शेवटी पाणी न आटवल्यामुळे. झाकण काढल्यानंतरची पाच मिनिटं लोक गाळतात. त्याचा दोष झाकणाला देऊ नका.

खरपूसकडा

@मंद आच, आईंचा मुद्दा बिनतोड आहे, त्यावर माझ्याकडे आज उत्तर नाही. विचार करतो. पाणी आटवण्याचंही मान्य. पण वासाचं काय? दहा मिनिटं झाकून पाच मिनिटं आटवलेल्या कोबीचा वास जिन्यापर्यंत जातो. लहानपणी मी कोबी नाकारायचो तो त्या वासामुळे, चव तर घेतलीच नव्हती.

गंधक

वासाबद्दल दोघांनाही सांगतो, कारण इथे दोघांचंही थोडं बरोबर आहे.

कोबीच्या पेशींत गंधक असलेली काही संयुगं असतात आणि वेगळ्या कप्प्यात एक विकर (एन्झाइम) असतं. चिरलं की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि तो झणझणीत, मोहरीसारखा वास तयार होतो. कच्च्या कोबीचा तिखटपणा तो हाच. उष्णतेने हे विकर निकामी होतं, म्हणून थोडा शिजलेला कोबी सौम्य लागतो. पण शिजवणं लांबलं की गंधकाची संयुगं तुटत जातात आणि हायड्रोजन सल्फाइडसारखे उग्र वायू सुटतात. म्हणजे वासाचा खरा संबंध वेळेशी आहे. झाकण असो वा नसो, पंधरा मिनिटं उकळलेला कोबी वास मारणारच.

रंगाबाबत मात्र झाकण दोषी आहे. भाजी शिजताना तिच्यातली आम्लं मोकळी होतात. कढई उघडी असेल तर त्यातली उडून जाणारी आम्लं वाफेबरोबर निघून जातात. झाकणाखाली ती परत भाजीवर पडतात आणि हिरव्या रंगद्रव्यातलं मॅग्नेशियम बाहेर पडून रंग मळकट होतो. रंग टिकवायला सोडा मात्र कुणी घालू नका. रंग राहतो, पण पानांचा लगदा होतो.

विळी

तुम्ही सगळे आचेवर आणि झाकणावर भांडताय, पण निम्मी भाजी चिरतानाच ठरते हो!

बारीक किसासारखा कोबी उघड्या कढईत, कितीही मोठ्या आचेवर टाका, तो पाणी सोडणारच. जितकं जास्त चिरलं तितक्या जास्त पेशी फुटल्या. त्यात किसाचा थर दाट बसतो, खालची वाफ वर येताना वरच्या थराला शिजवते, म्हणजे झाकण नसूनही झाकणच. रुंद पट्ट्यांमध्ये फट राहते, वाफ निघून जाते.

आणि मधला दांडा! तो फेकू नका. सोलून पातळ चकत्या केल्या तर गोड लागतो. पण पान आणि दांडा एका वेळी शिजत नाहीत. पान होतं तोवर दांडा कच्चा, दांडा शिजतो तोवर पानाचा चिखल. पानाच्या मधल्या जाड शिरेचंही तेच. या शिरा आणि दांडा वेगळे काढून आधी तीन-चार मिनिटं परता आणि मग पानं टाका. हे एवढं केलं तरी तुमचं अर्धं भांडण मिटेल असं मला वाटतं.

चिमूटभर

मिठावर कुणी नीट बोललंच नाही. खरपूसकडा म्हणतात शेवटी घाला. मी उलट करते. चिरलेल्या कोबीला मीठ चोळून वीस मिनिटं ठेवते, तळाशी पाणी जमतं, मग कोबी घट्ट पिळून तेलात टाकते. पाणी आधीच गेल्यामुळे तो लगेच तांबूस होतो. साध्या घरगुती आचेवरही होतो, हे महत्त्वाचं. पानं वाकतात पण गळत नाहीत आणि मीठ आतपर्यंत मुरलेलं असतं. शेवटी घातलेलं मीठ नुसतं वर बसतं.

वाटीभर

@चिमूटभर, ते पिळलेलं पाणी तुम्ही ओतून देता ना? त्यातच माझा जीव अडकतो. कच्च्या १०० ग्रॅम कोबीत साधारण ३६ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. ते पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने कमीही होतं. त्यातलं थोडं पिळून टाकायचं, थोडं आचेवर घालवायचं, मग राहिलं काय? साखरही त्याच पाण्यातून जाते, म्हणजे 'मंद आच' म्हणतात तो गोडवाही गेला.

मी 'मंद आच' यांच्या बाजूने आहे. झाकून शिजवताना सुटलेलं पाणी भाजीतच आटतं, बाहेर काही जात नाही. आणि लोक इतकं घाबरतात तरी का, तेच कळत नाही. कोबी थोडा ओलसर असला म्हणून काय बिघडतं?

चिमूटभर

मी मिठाचं पाणी नुसतं ओतत नाही, त्याच जेवणाच्या सूपमध्ये जातं. मीठ त्या हिशोबाने कमी घालते. पण मान्य, हे लिहायला हवं होतं.

एकच शेगडी

सहा माणसांचा स्वयंपाक, विजेची एक शेगडी, एक मध्यम कढई. मूळ लेख वाचून मला प्रश्न पडला की 'निम्माच कोबी टाका' हे सांगणाऱ्याने किती माणसांसाठी कोबी केला आहे?

हिशोब बघा. एक किलो पाणी शून्यापासून १०० अंशांपर्यंत तापवायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या पाचपटीहून जास्त ऊर्जा त्याच पाण्याची वाफ करायला लागते. सहा माणसांना दीड किलो कोबी धरा. त्यातलं अर्धं पाणी उडवायचं म्हटलं तरी माझी शेगडी हाशहुश करते. पहिल्या घाण्यात कढई तापलेली असते, दुसऱ्याला थंडावते, तिसऱ्याला कोबी उकडतोच. एकूण पाऊण तास जातो, पहिला घाणा गार होतो, आणि गार झालेला परतलेला कोबी म्हणजे चामडं. उरलेल्या पदार्थांना शेगडी मिळत नाही ते वेगळंच.

म्हणून मी झाकते. निवड म्हणून झाकते असं नाही, दुसरा मार्ग दिसत नाही.

खरपूसकडा

@एकच शेगडी, मी चौघांसाठी करतो आणि गॅसवर करतो. तुमची अडचण खरी आहे, मूळ लेखात मी ती धरलीच नव्हती. सहा माणसांना मी सांगितलेली पद्धत जड जाईल, हे कबूल.

ओव्हन असेल तर दीड किलो कोबी तेल चोळून दोन ट्रेमध्ये पसरा, २२० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं, मध्ये एकदा उलटा. कडा तांबूस होतात आणि शेगडी मोकळी राहते. त्याला परतलेला कोबी म्हणता येणार नाही, पण जातकुळी तीच. ओव्हन नसेल तर 'चिमूटभर' यांची पिळण्याची युक्ती तुमच्यासाठीच आहे. पाणी शेगडीने उडवण्याऐवजी मिठाने काढायचं.

@वाटीभर, ओलसर कोबीने काही बिघडत नाही, पण मग त्याला परतलेला म्हणू नका, वाफवलेला म्हणा. वाफवलेला कोबी हा वेगळा आणि चांगला पदार्थ आहे. परतल्याचा वास येईल या आशेने ताट पुढे घ्यावं आणि तो येऊ नये, माझी तक्रार एवढीच आहे.

तेलाचा चमचा

दोन मोठे चमचे तेल म्हणजे २४० कॅलरींच्या आसपास, आणि अर्धा किलो कोबीच्या १२५. भाजीपेक्षा तेल दुप्पट झालं. मोठ्या आचेच्या पद्धतीत तेल कमी करता येत नाही, कारण कोरडा कोबी लागतो आणि करपतो. झाकून केला तर एका लहान चमच्यात भागतं. ज्यांना तेल मोजून खावं लागतं त्यांच्यासाठी झाकण हाच मार्ग आहे.

विळी

@तेलाचा चमचा, चार माणसांत वाटलं तर माणशी अर्धा मोठा चमचा तेल होतं. तरीही नको असेल तर कोबीलाच तेल चोळा, कढईत ओतू नका. एका मोठ्या चमच्यात अर्ध्या किलोला पुसटसा हात लागतो आणि काम होतं. करून बघितलंय.

मंद आच

काल रात्री मी ठरवून दोन्ही केलं.

आधी खरपूसकडा यांची पद्धत जशीच्या तशी. खरं सांगते, वास मला आवडला. कडेचे तांबूस तुकडे मी कढईतूनच खाल्ले. पण आईने तीन घास घेतले आणि शिरा बाजूला काढून ठेवल्या. पानाचा पातळ भाग तिने खाल्ला होता, नेमक्या शिराच नव्हत्या खाल्ल्या. तेव्हा 'विळी' यांचं बोलणं आठवलं.

दुसऱ्या खेपेला मी शिरा आणि दांडा आधीच वेगळे काढून पातळ चिरले, चमचाभर पाणी घातलं आणि चार मिनिटं झाकून मऊ केले. झाकण काढलं, पाणी पूर्ण आटू दिलं, तेल घातलं, आच मोठी केली आणि पानांच्या पट्ट्या उघड्यावर परतल्या. मीठ शेवटी. आईने वाटी संपवली आणि अजून आहे का विचारलं.

माझं मत अजून बदललेलं नाही. नुसता मंद आचेवरचा कोबी मला आजही जास्त गोड वाटतो आणि एकटी असते तेव्हा मी तोच करीन. पण पानांवर झाकण ठेवायची गरज नाही, एवढं मी मान्य करते.

खरपूसकडा

@मंद आच, आईंनी वाटी संपवली हे वाचून फार बरं वाटलं. शिरांवर चार मिनिटं झाकण, हे मलाही मान्य आहे. मूळ लेखातलं 'झाकण कपाटातच राहू द्या' हे वाक्य मी मागे घेतो. पानांपुरतं ते ठेवतो.

जांभळी

उशिरा आले, पण एक प्रश्न आहे. हीच पद्धत लाल कोबीला चालेल का? माझा नेहमी निळसर होतो आणि ताटात बघवत नाही.

गंधक

@जांभळी, चालेल, पण त्याची पानं जाड असतात, तीन-चार मिनिटं जास्त धरा. त्याचं रंगद्रव्य आम्लात लाल राहतं आणि आम्ल कमी झालं की निळ्याकडे झुकतं. पानं कढईत गेल्या गेल्या लिंबाचा रस किंवा चमचाभर व्हिनेगर शिंपडा. एक लक्षात ठेवा, आम्लात भाजी मऊ व्हायला वेळ लागतो, म्हणून शिरा आधी पूर्ण शिजवून घ्या आणि आंबट त्यानंतरच घाला.