उसाच्या चिपाडाचा हिशोब कोण धरणार?

या चर्चेत एकांनी लिहिलंय की आपल्याकडं चार महिने पाऊस, त्यामुळं कोल्हापूरला नूतनक्षम ऊर्जेचा फारसा उपयोग नाही. मला हे अजिबात पटत नाही. इथं सगळेच फक्त सोलर पॅनेल आणि पवनचक्क्या धरून बोलतायत. उष्णता कुणी मोजतच नाही.

साखर कारखान्यात एक टन ऊस गाळला की साधारण २८० ते ३०० किलो बगॅस, म्हणजे उसाचं ओलं चिपाड, उरतो. त्यात निम्मं पाणीच असतं, तरी बॉयलरला तेवढा पुरतो. बॉयलरची जास्त दाबाची वाफ आधी टर्बाइन फिरवते. तिथून बाहेर पडलेली कमी दाबाची वाफ रस आटवायला जाते. एकाच जळणात वीजही झाली आणि साखरही. कारखान्याची गरज भागून उरलेली वीज ग्रीडला जाते, तीही पाऊस संपल्यावर, नोव्हेंबरपासून पुढं. पावसाळ्यात राधानगरी धरणाच्या पाण्यावरची वीज आहेच की!

आणि गुऱ्हाळ बघा. चुलवाणात, म्हणजे गुळाच्या मोठ्या चुलीत, वाळलेली चिपाडं सारणारा माणूस काहिलीतल्या (मोठ्या कढईतल्या) रसाच्या उकळीवर नजर ठेवून जाळ कमी-जास्त करतो. ही शंभर टक्के नूतनक्षम उष्णता, पण विजेच्या आकड्यात ती कुठंच दिसत नाही. मात्र बरीच उष्णता धुराड्यातून वाया जाते. चुलवाणाची रचना सुधारून त्याच धुरावर रस आधी तापवून घेतला, तर चिपाड वाचतं. अनुदान द्यायचंच तर आधी इथं द्या, असं माझं स्पष्ट मत आहे.